मिशिगन : रेघा, सह्या आणि ऑगस्टचा मंगळवार

६ नोव्हेंबर २०१२ रोजी मिशिगन राज्याच्या अकराव्या मतदारसंघात केरी बेंटिव्होलिओ नावाचे रिपब्लिकन उमेदवार अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी एकाच दिवशी दोनदा उभे होते. एका निवडणुकीत पडले, दुसरीत निवडून आले. आधीचे खासदार थॅडियस मॅकॉटर यांनी मुदत संपायच्या आतच राजीनामा दिला होता. त्यामुळे उरलेल्या काही आठवड्यांसाठी पोटनिवडणूक आणि पुढच्या दोन वर्षांसाठी नेहमीची निवडणूक, अशी दोन्ही मतदानं एकदमच उरकली. पोटनिवडणूक झाली जुन्या सीमांवर, नेहमीची नव्या सीमांवर. जुन्या सीमांत वेस्टलँड, रेडफर्ड ही कामगारवस्तीची गावं होती. तिथे मोटार कामगार संघटनेतून आलेले डेमोक्रॅट डेव्हिड कर्सन थोडक्यात जिंकले. नव्या सीमांत ही गावं बाहेर गेली होती आणि ट्रॉय, बर्मिंगहॅम ही सुखवस्तू उपनगरं आत आली होती. तिथे बेंटिव्होलिओ सहज निघाले. समोरचे उमेदवार दोन्हीकडे वेगळे होते, तेव्हा सगळं श्रेय सीमांना देता येणार नाही. तरी एकाच दिवशी, एकाच क्रमांकाच्या मतदारसंघात, एकाच माणसाला मतदारांनी नाकारलं आणि निवडलंही, हे घडलं ते मधल्या वर्षात कुणीतरी नकाशावर रेघ हलवली होती म्हणून.

अमेरिकेच्या एखाद्या राज्यात संसदेच्या निवडणुका प्रत्यक्षात कशा ठरतात हे पाहायचं तर मिशिगनइतकं सोयीचं राज्य दुसरं नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत इथे सगळं करून झालं आहे. मतदारसंघांची ढळढळीत विषमता, न्यायालयांनी आखलेले नकाशे, एका पक्षाने स्वतःच्या सोयीने कापलेले नकाशे, आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सामान्य नागरिकांनी आखलेला नकाशा. राज्य कोणा एका पक्षाचं नाही. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प इथे १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० मध्ये जो बायडन दीड लाखावर मतांनी, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प, सुमारे ऐंशी हजारांनी. अशा काठावरच्या राज्यात रेघ कुठून जाते याला फार किंमत येते.

प्रतिनिधिगृहाच्या जागा ४३५, मुदत दोन वर्षांची. दर दहा वर्षांनी जनगणना होते, लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना जागा वाटल्या जातात, आणि मग प्रत्येक राज्य आपल्या हद्दीत मतदारसंघ नव्याने पाडतं. आपल्याकडे राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या ४८ म्हणजे ४८. तिथे असं गोठवणं नाही. लोक गेले की जागा गेली.

आणि मिशिगनचे लोक गेले, किंवा निदान इतर राज्यांच्या वेगाने वाढले नाहीत. १९६० च्या जनगणनेनंतर राज्याला १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४ आणि आता १३. डेट्रॉइट शहरात १९५० मध्ये साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० मध्ये राहिली ६ लाख ३९ हजार. मोटारींचे कारखाने बंद पडले, काही दक्षिणेकडे गेले. गोरी कुटुंबं उपनगरांत आणि नंतर कृष्णवर्णीय मध्यमवर्गही त्यांच्यामागोमाग. २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या चक्क घटलेलं मिशिगन हे देशातलं एकमेव राज्य होतं.

त्यामुळे दर दहा वर्षांनी इथे संगीत खुर्ची चालते. एक खुर्ची कमी होते आणि एकाच पक्षाचे दोन विद्यमान खासदार एकमेकांसमोर उभे ठाकतात. २००२ मध्ये जॉन डिंगेल आणि लिन रिव्हर्स, २०१२ मध्ये गॅरी पीटर्स आणि हॅन्सन क्लार्क, २०२२ मध्ये हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन. सगळे डेमोक्रॅट. रिपब्लिकनांमध्येही २०२२ मध्ये बिल हायझेंगा आणि फ्रेड अप्टन अशी जोडी लागणार होती, पण पस्तीस वर्षं खासदार राहिलेल्या अप्टन यांनी लढण्यापेक्षा निवृत्ती पत्करली. कोणाला कोणासमोर उभं करायचं हे रेघ ओढणाऱ्याच्या हातात असतं, आणि २००२ व २०१२ चे नकाशे ओढणारे रिपब्लिकन होते, हे ध्यानात ठेवलं की यातला योगायोग कमी होतो.

घराणेशाही फक्त आपल्याकडे असते असं ज्यांना वाटतं त्यांनी डिंगेल कुटुंबाकडे पाहावं. वडील जॉन डिंगेल १९३२ ला निवडून आले आणि १९५५ मध्ये वारले. त्याच वर्षी त्याच जागेवर मुलगा आला आणि २०१५ पर्यंत, एकोणसाठ वर्षांहून अधिक काळ बसला. अमेरिकी संसदेच्या इतिहासात इतकी दीर्घ कारकीर्द दुसऱ्या कुणाची नाही. त्यांच्यानंतर पत्नी डेबी डिंगेल. मतदारसंघाचा क्रमांक बदलत गेला, सीमा बदलत गेल्या. २०२२ च्या नकाशाने घर एका मतदारसंघात आणि सोयीचे मतदार दुसऱ्यात टाकले, तेव्हा त्या डिअरबॉर्न सोडून ॲन आर्बरला राहायला गेल्या. नव्वद वर्षं जागा एका घरात आहे. तिथल्या मतदारांना त्याची लाज वाटते असं दिसत नाही, आणि कामं होत असतील तर का वाटावी, असंही ते म्हणतील.

जुना काळ न्याय्य होता अशातला भाग नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या दक्षिणेकडच्या सोळाव्या मतदारसंघात आठ लाखांवर लोक होते आणि उत्तरेच्या द्वीपकल्पातल्या बाराव्यात एक लाख ७७ हजार. म्हणजे वरच्या जंगल-खाणींच्या मुलखातल्या एका मताचं वजन खालच्या साडेचार मतांइतकं. जागा १८ वरून १९ झाली तरी विधिमंडळाला नवा नकाशा करता आला नाही, म्हणून १९६२ मध्ये एकोणिसावा खासदार अख्ख्या राज्याने मिळून निवडला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियातल्या ‘वेस्बेरी विरुद्ध सँडर्स’ खटल्यात मतदारसंघ लोकसंख्येने शक्य तितके समान हवेत असा निकाल दिला आणि हा कारभार संपला. आज मिशिगनच्या प्रत्येक मतदारसंघात सुमारे पावणेआठ लाख लोक असतात, फरक असला तर नगण्य.

पण लोकसंख्या सारखी केल्याने प्रश्न सुटला नाही, नुसती त्याची जागा बदलली. आकडा सारखा ठेवून आत कोण माणसं घ्यायची, हा खेळ त्यानंतर सुरू झाला आणि संगणक आल्यावर तो इतका बारीक झाला की गल्लीगल्लीने हिशेब करता येऊ लागला.

२०१० च्या निवडणुकीत राज्यातली सगळी सत्ता रिपब्लिकनांकडे आली. २०११ मध्ये त्यांनी जो नकाशा केला त्याचा चौदावा मतदारसंघ पाहण्यासारखा होता. पूर्वेला ग्रोस पॉइंटच्या तळ्याकाठच्या वस्तीत सुरू व्हायचा, डेट्रॉइटमधून वळणं घेत घेत वायव्येला पाँटियाकपर्यंत जायचा. कुठे फुगलेला, कुठे दोन रस्त्यांएवढा अरुंद. हेतू उघड होता. डेमोक्रॅट मतं शक्य तितक्या कमी मतदारसंघांत कोंबायची. तिथे ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतील ते जिंकू द्यायचे, आणि बाकी ठिकाणी पंचावन्न टक्क्यांचं बहुमत आपण घ्यायचं. अमेरिकेत याला जेरीमँडरिंग म्हणतात आणि ते दोन्ही पक्ष करतात. मेरीलँड, इलिनॉय इथे डेमोक्रॅटांनी केलेले नकाशे काही सोज्वळ नाहीत.

परिणाम लगेच दिसला. २०१२ मध्ये ओबामा मिशिगनमध्ये साडेनऊ टक्क्यांनी जिंकले. प्रतिनिधिगृहाच्या मतांची राज्यभर बेरीज केली तर डेमोक्रॅटांना सव्वादोन लाखांहून जास्त मतं अधिक होती. जागा मात्र रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५. पुढच्या दोन निवडणुकांतही ९–५. मतदार इकडेतिकडे झाले, आकडा हलला नाही.

यावर रिपब्लिकनांचं ठरलेलं उत्तर असे की डेमोक्रॅट शहरात दाटीने राहतात, त्यांची मतं आपोआपच एका ठिकाणी साचतात, यात कुणाचा डाव नाही. उत्तर अगदीच पोकळ नाही. डेट्रॉइट, फ्लिंट, ॲन आर्बर यांचा नकाशा पाहिला की त्यातलं तथ्य कळतं. पण मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ जोवी चेन यांनी न्यायालयापुढे संगणकाने, पक्षाचा विचार न करता काढलेले हजार नकाशे ठेवले, आणि प्रत्यक्षातला नकाशा त्या हजारांच्या रांगेत बसत नव्हता. शिवाय खटल्यात नकाशे आखणाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. त्यांत एका कर्मचाऱ्याने आग्नेय मिशिगनमधल्या डेमोक्रॅट मतदारांना कचरा म्हटलं होतं आणि तो चारच मतदारसंघांत कसा भरता येईल याचा विचार मांडला होता. इतका लेखी पुरावा अशा खटल्यांत सहसा सापडत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर कॅरोलायनाच्या ‘रूचो’ खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की पक्षीय स्वार्थासाठी केलेली सीमारचना हा संघीय न्यायालयांनी निवाडा करण्याजोगा विषयच नाही. मिशिगनचा निकाल त्याबरोबर वाहून गेला.

तोवर मिशिगनच्या लोकांनी न्यायालयाची वाट पाहणं सोडून दिलं होतं. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. मिशिगनमधलं जेरीमँडरिंग हाताळायचं आहे, कुणी येतंय का, अशा अर्थाच्या. राजकारणाचा काही अनुभव नव्हता. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली आणि पगारी माणसं न लावता, बाजारात, मैदानांवर, महामार्गांच्या विश्रांतिस्थानांवर उभं राहून स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. लागत होत्या सव्वातीन लाखांच्या आत. नोव्हेंबर २०१८ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. ट्रम्पना मतं देणाऱ्या कितीतरी गावांनीही होकार दिला होता. राजकारण्यांनी स्वतःचे मतदार निवडू नयेत, ही गोष्ट समजायला पक्ष लागत नाही.

या दुरुस्तीने तयार झालेला आयोग तेरा माणसांचा. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुणाचेच नाहीत. राजकारणी, लॉबीवाले, पक्षाचे पदाधिकारी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना मज्जाव. नऊ हजारांहून जास्त अर्ज आले. त्यातून यदृच्छेने दोनशे नावं काढली, विधिमंडळातल्या नेत्यांनी त्यांतली वीस खोडली, आणि उरलेल्यांतून पुन्हा यदृच्छेने तेरा. आपल्याकडच्या पुनर्रचना आयोगावर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही, त्याच्या हे अगदी दुसऱ्या टोकाला. माझ्या मते या चिठ्ठीपद्धतीतलं धाडस अजून पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. सीमारचना हे तज्ज्ञांचं काम आहे, असं जगभर मानतात. मिशिगनने ते ज्यूरीचं काम मानलं.

काम सोपं गेलं नाही. आयोगाने एक बैठक बंद दाराआड घेतली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचं ध्वनिमुद्रण आणि टिपणं उघड करायला लावली. राज्यभर जनसुनावण्या झाल्या. लोक येऊन सांगत की आमचं गाव तोडू नका, आमच्या भागातल्या बंगाली मुसलमानांना एकत्र ठेवा, आमचा किनारा तुमच्या शहराला जोडू नका. २८ डिसेंबर २०२१ रोजी तीन नकाशे मंजूर झाले. नकाशांना झाडांची नावं होती. संसदेच्या नकाशाचं नाव ‘चेस्टनट’.

‘चेस्टनट’चा निकाल असा लागला. २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६, आणि मतंही जवळपास त्याच प्रमाणात. २०२४ मध्ये राज्यातलं वारं किंचित उजवीकडे वळलं आणि जागा झाल्या रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. मतं वळली की आकडा वळतो, एवढं साधं अपेक्षित काम दहा वर्षांनी पुन्हा सुरू झालं. लॅन्सिंगभोवतीचा सातवा मतदारसंघ डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन सिनेटसाठी उभ्या राहिल्यामुळे रिकामा झाला आणि रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतला. दोनच वर्षांपूर्वी ते स्लॉटकिन यांच्याकडून पडले होते. फ्लिंट-सॅगिनॉचा आठवा डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हेट यांनी राखला. मॅकोंब परगण्यातला दहावा २०२२ मध्ये रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी कार्ल मार्लिंगा यांच्याविरुद्ध सोळाशेच्या आसपास मतांनी काढला होता. २०२४ मध्ये तेच दोघं पुन्हा भिडले आणि जेम्स यांनी फरक बराच वाढवला.

इथवर गोष्ट चांगलीच आहे. पण तेरा जागांची यादी पुढ्यात घेऊन बसलं की लक्षात येतं, खरी चुरस तीन-चार ठिकाणीच आहे. उत्तरेचा अवाढव्य पहिला मतदारसंघ, शेतीप्रधान दुसरा, चौथा, पाचवा, नववा हे रिपब्लिकनांचे. ॲन आर्बर, ओकलंड परगणा आणि डेट्रॉइटचे दोन हे डेमोक्रॅटांचे. तेरांतले नऊ. आयोगाने कितीही प्रामाणिकपणे रेघ ओढली तरी ॲन आर्बर आणि त्याच्या आसपासचा मुलूख रिपब्लिकन होणार नाही. अशा नऊ मतदारसंघांत नोव्हेंबरची निवडणूक ही नुसती नोंदणी. निर्णय होतो ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत.

मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. ऑगस्टमध्ये मतदान केंद्रावर प्रत्येकाला एकच मतपत्रिका मिळते, तिच्यावर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात. मतदाराने पडद्याआड जाऊन कोणत्याही एका स्तंभातले लंबगोल काळे करायचे. दोन्हीकडे खूण केली की ती पक्षीय मतं बाद. ही मोकळीक मोठी आहे. पण ऑगस्टमध्ये येतं कोण? २०२२ मध्ये नोव्हेंबरला जेवढे मतदार आले त्यांच्या निम्मेही ऑगस्टला आले नव्हते. जे येतात ते पक्के कार्यकर्ते, म्हातारी माणसं, संघटनांचे सभासद. आणि प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतं मिळवण्याची अट नाही. सर्वांत जास्त मतं ज्याची तो उमेदवार.

ग्रँड रॅपिड्सच्या तिसऱ्या मतदारसंघात २०२२ मध्ये याचा एक तिरपागडा नमुना दिसला. राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड याच शहराचे चोवीस वर्षं खासदार होते. ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकन खासदारांपैकी एक, पीटर मायर, इथले. प्रायमरीत त्यांच्यासमोर ट्रम्पसमर्थक जॉन गिब्स. आणि डेमोक्रॅटांच्या राष्ट्रीय निवडणूक समितीने सव्वाचार लाख डॉलर खर्चून गिब्स किती कडवे ट्रम्पवादी आहेत याची जाहिरात केली. वरवर ती टीका, प्रत्यक्षात त्या पक्षाच्या मतदारांसाठी शिफारसपत्र. मायर थोडक्यात पडले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी शोल्टन आरामात जिंकल्या. डाव साधला. पण लोकशाही धोक्यात आहे असं सांगत फिरणाऱ्या पक्षाने आपल्या भूमिकेसाठी किंमत मोजणारा माणूस पाडायला पैसे लावले, हे मला तरी हिशेबीपणाच्या पलीकडचं वाटतं.

डेट्रॉइटमध्ये ऑगस्टचा मंगळवार आणखी निर्णायक. जॉन कॉनियर्स १९६४ ची प्रायमरी १०८ मतांनी जिंकले आणि मग त्रेपन्न वर्षं हलले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ७ ऑगस्ट २०१८ ला या तेराव्या मतदारसंघात पुन्हा तेच घडलं, एका दिवशी दोन निवडणुका. उरलेल्या काळासाठीच्या प्रायमरीत ब्रेंडा जोन्स जिंकल्या, पूर्ण मुदतीच्या प्रायमरीत रशिदा तलीब, सुमारे ९०० मतांनी. या वेळी सीमा त्याच होत्या. मतदारही तेच. फरक यादीत होता. पोटनिवडणुकीला चार उमेदवार, मुख्य निवडणुकीला सहा. जादा दोघांनी, त्यांतला एक डेट्रॉइटच्या नामांकित माजी महापौरांचा मुलगा, मतं खाल्ली ती मुख्यतः जोन्स यांची. जोन्स पाच आठवडे खासदार राहिल्या. तलीब आज देशभर माहीत आहेत. इल्हान ओमर यांच्यासह संसदेत पोहोचलेल्या त्या पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी एक. मतविभागणीचं गणित समजायला महाराष्ट्रातल्या वाचकाला शिकवणी लागत नाही.

मराठी माणसाचा संबंध येतो तो इथेच. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून १९७९ मध्ये अमेरिकेत गेले. तिथे रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, कंपनी उभारली, ती मंदीत हातची गेली, पुन्हा दुसरी उभारली. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घालून गव्हर्नरपदाची प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. मग ॲन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत आले आणि २०२२ मध्ये नव्या नकाशातल्या तेराव्या मतदारसंघातून संसदेत.

मिशिगनमधली मराठी कुटुंबं बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतात. त्यांच्या मतांवर ठाणेदार आलेले नाहीत. त्यांचा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलँड पार्क, ग्रोस पॉइंट आणि नदीकाठची दक्षिण उपनगरं. कृष्णवर्णीय मतदारांचा इथे सर्वांत मोठा गट. प्रायमरीला नऊ उमेदवार होते. शहरातल्या काही कृष्णवर्णीय नेत्यांनी आपली मतं एका नावामागे उभी करायचं ठरवून ॲडम हॉलियर यांना पाठिंबा दिला, इस्रायलसमर्थक गटाच्या राजकीय निधीने त्यांच्यासाठी चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले. ठाणेदारांनी स्वतःचा पैसा लावला. ते २८ टक्क्यांवर जिंकले. १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज निवडून आल्यापासून डेट्रॉइटला संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी नव्हता असं कधी झालं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ते झालं, तेही तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या शहरात. आपल्या बेळगावचा माणूस अमेरिकेच्या संसदेत पोहोचल्याचा आनंद मराठी वर्तमानपत्रांनी रास्तपणे साजरा केला, पण डेट्रॉइटमध्ये त्या बातमीची दुसरी बाजू किती दुखरी होती ते आपल्याकडे फारसं छापून आलं नाही.

यात आयोगाचा वाटा आहे. जुन्या नकाशात दोन मतदारसंघांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. नव्यात एकातही नाही. आयोगाला सल्ला मिळाला होता की कृष्णवर्णीय मतदार पस्तीस-चाळीस टक्के असले तरी त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येतो. हा सल्ला नोव्हेंबरच्या आकड्यांवर बेतला होता. नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटजवळ डेमोक्रॅट जिंकणारच, त्यातून ऑगस्टबद्दल काही कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने राज्य विधिमंडळाचे डेट्रॉइट भागातले तेरा मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याबद्दल रद्द केले, तेव्हा नेमकं यावरच बोट ठेवलं. संसदेचा नकाशा त्या खटल्यात नव्हता, तो टिकला. पण चूक तीच होती. पक्षांमध्ये समतोल साधायच्या नादात शहराची मतं उपनगरांत लांबवर पसरली, आणि ज्यांच्या मतांनी तो समतोल साधला त्यांना कुणी विचारलं नाही.

एका गाळणीचा उल्लेख राहिला, सह्यांचा. प्रतिनिधिगृहासाठी पक्षाच्या उमेदवाराला आपल्या मतदारसंघातल्या हजार वैध सह्या द्याव्या लागतात. पावणेआठ लाखांत हजार, म्हणजे काहीच नाही. तरी माणसं इथेच आपटतात. सुरुवातीला ज्यांचा राजीनामा आला ते मॅकॉटर आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. २०१२ मध्ये त्यांनी अठराशेच्या वर सह्या दिल्या, वैध निघाल्या २४४. कर्मचाऱ्यांनी जुन्या अर्जांवरून कापून, चिकटवून, झेरॉक्स काढून कागद भरले होते. चौघांवर खटले झाले. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर छापलेलं नाव एकट्या बेंटिव्होलिओंचं राहिलं. हे गृहस्थ शिक्षक, माजी सैनिक, घरी रेनडिअर पाळणारे आणि नाताळात सांताक्लॉज होणारे. अशा रीतीने ते खासदार झाले, आणि दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाने प्रायमरीत त्यांना घरी पाठवलं. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या पाच रिपब्लिकन इच्छुकांचे अर्ज बनावट सह्यांपायी बाद झाले. २०२४ मध्ये हॉलियर ठाणेदारांना पुन्हा आव्हान द्यायला आले. ठाणेदारांनी हरकत घेतली, छाननीत हजार वैध सह्या भरल्या नाहीत, अर्ज बाद. ठाणेदार त्या वेळी निम्म्याहून थोड्या जास्त मतांनी प्रायमरी जिंकले.

एवढं असूनही मतदार आपलं डोकं चालवतातच. डिअरबॉर्न या अरबबहुल शहरात २०२४ मध्ये गाझावरच्या रागातून ट्रम्प यांना कमला हॅरिस यांच्याहून जास्त मतं पडली. त्याच मतपत्रिकेवर तिथल्या बहुसंख्य मतदारांनी तलीब यांना निवडलं. पक्षाच्या नावापुढे एकच खूण करून सगळी मतं देण्याची सोय मिशिगनमध्ये आहे, तरी इतक्या लोकांनी एकेक नाव वाचून खुणा केल्या.

२०२५ मध्ये देशभर पुन्हा नकाशांची लढाई पेटली. ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने दशकाच्या मध्येच, जनगणनेची वाट न पाहता, पाच जादा रिपब्लिकन जागांच्या हिशेबाने मतदारसंघ बदलले. मिसुरी आणि उत्तर कॅरोलायना मागोमाग आले. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने आपला स्वतंत्र आयोगाचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवून डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा नोव्हेंबरमध्ये मतदारांकडून मंजूर करून घेतला. मिशिगन या लढाईत नाही. गव्हर्नर डेमोक्रॅट, विधिमंडळाचं एक सभागृह रिपब्लिकन, पण ते एकमताने ठरवतील तरी त्यांना रेघ हलवता येणार नाही. तो अधिकार घटनेनेच त्यांच्याकडून काढला आहे. त्याच वर्षी दहाव्या मतदारसंघाचे जेम्स गव्हर्नरपदासाठी आणि अकराव्याच्या स्टीव्हन्स सिनेटसाठी निघाल्या, म्हणजे दोन जागा सोडून देऊन. जेम्स यांची जागा काठावरची आहे. जुन्या काळात अशा रिकाम्या जागेवर आधी नकाशा आखणाऱ्याची नजर गेली असती.

कॅलिफोर्नियासारखं करायचं तर मिशिगनलाही पुन्हा सह्या गोळा करून, नवी घटनादुरुस्ती घेऊन मतदारांपुढेच जावं लागेल. २०१८ मध्ये ज्या ६१ टक्क्यांनी राजकारण्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली त्यांना ती परत द्या असं सांगायला, निदान उघडपणे, अजून दोन्ही पक्षांतलं कुणी पुढे आलेलं नाही.